संहिता नसलेल्या नाटकाची तयारी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. विमा कंपनीतली नोकरी सोडून पूर्णवेळ इम्प्रोव्ह (संहिता न घेता रंगमंचावर ऐनवेळी उभं केलेलं नाटक) करावं का आणि पुढे दिग्दर्शनाकडे वळायचं तर सुरुवात कुठून करावी, असं तू विचारलंयस. पण मध्येच एक वाक्य सहज लिहून गेलीस: मला पाठांतराचा कंटाळा आहे आणि पटकन सुचतं, म्हणून हेच माझं क्षेत्र. आधी त्या वाक्याबद्दल बोलू या, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच अडकलेली आहेत.

पटकन सुचणं कॉलेजच्या कट्ट्यावर पुरतं. तासाभराच्या प्रयोगात ते पहिल्या काही मिनिटांत संपतं. मग उरतं ते तू आत काय साठवलंयस तेवढंच. संहिता नसलेल्या नाटकाला लिहिलेल्या नाटकापेक्षा जास्त तयारी लागते, हे माझं ठाम मत आहे. फक्त ती तयारी अमुक एका प्रयोगाची नसते.

याचा पुरावा बघायला लांब जायला नको. मुंबईत दशावताराचे, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्याचे प्रयोग लागतात, ते बघ. जमलं तर मालकांची परवानगी घेऊन आधी तासभर रंगपटात बस. नट आपापल्या पेटाऱ्याशी बसून स्वतःच्या हातानं रंग लावत असतात. कोणतं आख्यान लावायचं, राजा कोण, राक्षस कोण, नारद कोण हे तिथं तोंडी ठरतं. लिहिलेले संवाद कुणाच्याच हातात नसतात. मंचावर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, तोच चढून उभा राहिला की डोंगर. आणि मग तो राजा तोंड उघडतो आणि न अडखळता बोलत सुटतो. मध्ये श्लोक, मध्ये पद, पेटीवाला त्याच्या श्वासावरून ओळखतो की आता सूर द्यायचा. हे सगळं कुठून येतं? वर्षानुवर्षं ऐकलेल्या पुराणांतून, पोथ्यांतून, मुखोद्गत पदांतून, आणि त्याच संचाबरोबर काढलेल्या रात्रींतून. या माणसाला पाठांतराचा कंटाळा असता तर तो पहिल्याच प्रवेशात उघडा पडला असता.

म्हणून पाठ कर. ओव्या, अभंग, लावण्या, चांगल्या नाटकांतली स्वगतं, कोर्टाची भाषा, लग्नपत्रिकेची भाषा, सोसायटीच्या नोटीस बोर्डाची भाषा. यातलं काय कधी वर येईल हे ठरवून सांगता येत नाही, पण आत नसेल तर वर येणारच नाही.

दुसरी साठवण माणसांची. इम्प्रोव्हचे शिक्षक कीथ जॉनस्टन लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये शिकवत असताना त्यांच्या लक्षात आलं की रंगमंचावरचं संभाषण कृत्रिम वाटतं, कारण नट एकमेकांच्या वर-खाली होत नाहीत. खऱ्या आयुष्यात दोन माणसं भेटली की प्रत्येक वाक्यात कोणीतरी थोडं वर चढतं किंवा थोडं खाली उतरतं. त्यावर त्यांनी कितीतरी व्यायाम बसवले आणि १९७९ च्या 'इम्प्रो' या पुस्तकात ते सविस्तर मांडले. ते पुस्तक मिळवून वाच. मात्र त्याचं प्रात्यक्षिक तुला रोज फुकट मिळतं. लेडीज डब्यात तिघींच्या सीटवर चौथी कशी बसते ते बघ. एक नुसती उभी राहते आणि तिला जागा मिळते. दुसरी 'जरा सरकता का' म्हणते आणि टेकण्यापुरती कड मिळवते. तिसरी आधी 'कुठे उतरणार?' विचारते, ठाणे म्हटल्यावर त्या सीटवर हक्क लावून मोकळी होते, आणि मग घाटकोपरला चढलेलीनं तोच प्रश्न केला की तिच्याकडे कशी बघते! खांदा, पर्स, नजर, किती शब्द वापरले, सगळं टिपून ठेव. संवाद नको टिपूस, शरीर टीप. संवाद प्रयोगात आपोआप येतात.

आता ऐकण्याबद्दल. तुमच्या ग्रुपचं जे रेकॉर्डिंग तू पाठवलंयस त्यात सगळे हुशार आहेत आणि कोणीही कोणाचं ऐकत नाही. एक मुलगा म्हणतो, 'वहिनी, गच्चीवरची टाकी उघडी राहिली.' तू म्हणतेस, 'मी वहिनी नाही, मी महापालिकेतून आलेय.' हशा आला, मान्य. पण त्या हशात त्यानं दिलेलं नातं गेलं, गच्ची गेली, टाकी गेली. पुढची चार मिनिटं तुम्ही दोघं नव्यानं काहीतरी उभं करायला धडपडताय. तेच तू म्हणाली असतीस, 'राहिली नाही भावजी. मी ठेवली,' तर? एका ओळीत घर आलं, भांडण आलं, गुपित आलं, आणि त्याच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप निघालं असतं. समोरच्यानं दिलेलं स्वीकारायचं आणि त्यावर आपलं एक ठेवायचं. पुस्तकात हे सोपं वाटतं. प्रेक्षक हसायला आतुर बसलेले असताना तो सोपा हशा सोडून देणं फार अवघड आहे, आणि मला वाटतं हाच या कलेतला सगळ्यात मोठा रियाज.

आपल्याकडे अ‍ॅडिशन घेणाऱ्या, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं ऐनवेळी घालणाऱ्या नटांची मोठी परंपरा आहे. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ताज्या राजकारणावर बोलायचे. १९८० साली आलेल्या 'वस्त्रहरण'मध्ये मच्छिंद्र कांबळींच्या अ‍ॅडिशन ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. या मंडळींकडून टायमिंग शीक, प्रेक्षकांचा अंदाज घ्यायला शीक. पण फरक लक्षात ठेव. अ‍ॅडिशन घेणाऱ्याला परत यायला संहिता असते. तुला परत यायला फक्त तुझा जोडीदार असतो. त्यामुळे संच बदलत राहू नका. तेच सहा-सात जण, आठवड्यातून एकदा तरी, प्रयोग असो वा नसो. मुंबईत वेळेपेक्षा जागेची अडचण मोठी. सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग, कुणाच्या गच्चीवरची शेड, जे मिळेल ते धरा आणि सोडू नका. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून प्रयोग सुरू केले. शाळेचाच हॉल तो, पण ती जागा टिकली म्हणून तिच्याभोवती नट, लेखक आणि जाणता प्रेक्षक जमला.

दिग्दर्शनाचं तू विचारलंयस ते मला आवडलं, कारण इम्प्रोव्हमध्ये दिग्दर्शक काय करतो हेच पुष्कळांना कळत नाही. प्रवेश तो बसवत नाही. तो तालमीत माणसं घडवतो आणि प्रयोगाला आकार देतो. तालमीसाठी व्हायोला स्पोलिन यांच्याकडे जा. शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी रंगमंचावरचे खेळ रचले, ते १९६३ साली पुस्तकरूपानं आले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या 'सेकंड सिटी' या इम्प्रोव्ह संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. स्पोलिनबाईंची एक पद्धत मी रोज वापरते: खेळ चालू असताना तो न थांबवता बाहेरून छोटी सूचना द्यायची. 'हातातली कळशी जड आहे.' 'त्याच्याकडे बघ.' 'बोलू नकोस, आधी बस.' व्याख्यान नाही, चर्चा नाही. नट डोक्यातून बाहेर येतो आणि हाताला काम लागतं.

आकाराबद्दल मात्र माझी तुझ्याकडून मोठी अपेक्षा आहे. अमेरिकेत डेल क्लोज या इम्प्रोव्ह शिक्षकाच्या नावाशी जोडलेला 'हॅरल्ड' नावाचा आराखडा सगळे गिरवतात: एका शब्दावरून सुरुवात, तीन वेगळे प्रवेश, मध्ये सामूहिक खेळ, मग तेच प्रवेश पुन्हा येतात आणि हळूहळू एकमेकांत गुंततात. तो शीक, चांगला आहे. पण गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम ज्यांच्या घरात आहे त्यांनी तिथंच का थांबावं? कीर्तनाचा साचा घे. पूर्वरंगात प्रेक्षकांनी दिलेल्या शब्दाचं निरूपण, एकटीनं, अगदी गंभीरपणे. उत्तररंगात त्याच निरूपणातून निघालेलं आख्यान, पूर्ण संचानं. मधल्या अभंगाच्या जागी प्रेक्षकांना गायला लाव. हे तुम्ही मराठीत कराल तर त्याला जी खोली येईल ती अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत केलेल्या खेळांना येणार नाही. घाईत माणूस ज्या भाषेत ओरडतो त्याच भाषेत त्याला खरं सुचतं.

प्रकाश स्वतःच्या हातात ठेव. प्रवेश कुठं संपला हे ठरवणारा माणूस इम्प्रोव्हमध्ये अर्धा लेखक असतो, आणि भाड्याच्या जागेतल्या अनोळखी ऑपरेटरला ते सांगून जमत नाही.

आणखी एक, आणि हे दिग्दर्शक म्हणून तुझंच काम. विचार करायला वेळ नसतो तेव्हा माणसाच्या तोंडून आधी बाहेर पडतो तो साठलेला पूर्वग्रह. घरकाम करणारी बाई आली की गावठी हेल, टॅक्सीवाला आला की भय्या, जाड मुलगी आली की खाण्यावर विनोद. हशा हमखास येतो, म्हणूनच ते धोक्याचं. तालमीत प्रत्येक वेळी थांबव. त्या बाईला नाव दे, मत दे, प्रवेशात जिंकू दे. आणि अंगाला हात लावण्याबाबत प्रयोगाआधी सगळ्यांनी गोल उभं राहून स्पष्ट बोलायचं: काय चालेल, काय नाही. प्रवेश सुचला म्हणून कुणी कुणाला ओढलं, मिठी मारली, हे खपवून घ्यायचं नाही. नट कितीही जुना असो.

आता नोकरी. सोडू नकोस, निदान अजून दोन वर्षं. इम्प्रोव्हच्या तिकीटविक्रीतून जागेचं भाडं निघालं तरी पुष्कळ. या क्षेत्रातली माणसं जगतात ती शाळांच्या आणि कंपन्यांच्या कार्यशाळांवर, जाहिरातींच्या ऑडिशनवर, डबिंगवर, मालिका आणि स्किटच्या लेखनावर. त्यात काही कमीपणा नाही. अंधेरीतल्या आरामनगरच्या ऑडिशनमध्ये ऐनवेळी हातात संवादाचं पान मिळतं, तिथं तुझी ही तालीम थेट कामाला येते. फक्त कंपन्यांसाठी घेतलेले हलकेफुलके खेळ तुमच्या प्रयोगात शिरू देऊ नकोस. माइक निकोल्स शिकागोत 'कंपास प्लेयर्स' या संचात एलेन मेबरोबर इम्प्रोव्ह करत होते, पुढे 'द ग्रॅज्युएट' या चित्रपटासाठी त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे हा रस्ता दिग्दर्शनाकडे जातो. पण ते दोघं कित्येक वर्षं एकमेकांसमोर उभे राहिले होते.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या राज्यात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तुमच्याकडे संहिताच नाही. तेव्हा कुठलीही जागा ठरवण्याआधी तिथल्या व्यवस्थापकांना कोणती कागदपत्रं लागतील ते लेखी विचार, पोस्टर छापून झाल्यावर नको.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा निवडक तुकडे पाठवू नकोस. फसलेल्या प्रवेशांसकट पूर्ण प्रयोग पाठव, आणि तो गच्चीचा प्रवेश तालमीत पुन्हा करून बघा, या वेळी वहिनी होऊन.

तुझी,
ताई