बाण नसलेला आकडा

बेटा,

अनेक आशीर्वाद. काल रात्री तू पाठवलेला तुझ्या कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. प्लेटलेट १ लाख ३० हजार, पुढे लॅबनं छापलेला खाली तोंड केलेला बाण आणि सोबत गोचीडतापाबद्दल तुझा एकच प्रश्न: "टिक फिव्हरच ना काका?" त्या बाणानं तुझी झोप उडवली. मला मात्र ज्याच्यापुढे बाणच नाही, त्या आकड्याची काळजी वाटली. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ३९.

तुझा कुत्रा ग्रेहाउंड आहे हे लॅबच्या मशीनला कुठून कळणार? रिपोर्टवरची मर्यादा सरसकट सगळ्या कुत्र्यांची असते, साधारण ३७ ते ५५. धावण्यासाठी पोसलेल्या या जातीच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त. धडधाकट ग्रेहाउंडचा पीसीव्ही ५० च्या पुढे असतो, कधी ६० लाही टेकतो. म्हणजे ३९ लॅबच्या हिशेबात पास आणि त्याच्या हिशेबात रक्त उतरलेलं. प्लेटलेटचं नेमकं उलटं. या जातीत त्या जन्मभर कमीच असतात, दीड लाखाच्या आसपास किंवा त्याहून खाली असूनही कुत्रा ठणठणीत.

म्हणून गोचीडताप नाहीच, असंही म्हणत नाही. रक्त उतरलंय म्हटल्यावर तो शोधायलाच हवा, फक्त प्लेटलेटच्या बाणावरून ठरवायचा नाही. रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघायला सांग. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या असतील तर मशीन त्या नीट मोजत नाही. घरी हिरड्या बघ, फिक्या वाटतात का. लघवी चहासारखी गडद झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नको. ताप थर्मामीटरनंच बघायचा, नाकाला हात लावून नाही. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचंच तापमान.

नोकरीच्या सुरुवातीला मीही फसलो होतो. एका ग्रेहाउंडचा टी-फोर, म्हणजे थायरॉइडचा हार्मोन, कमी आला आणि मी थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. मालक बिचारे धंतोलीहून दर महिन्याला स्कूटरवर गोळ्या न्यायला यायचे. या जातीत टी-फोर असाच कमी असतो, हे मला फार उशिरा कळलं. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, जरा वर दिसलं तरी लगेच किडनी गेली म्हणून रडायचं नाही, अंगावर स्नायूच तेवढे असतात. आणि कधी भूल द्यायची वेळ आली, तर जात आवर्जून सांग. थायोपेंटोन हे भुलीचं औषध दिलं तर हे कुत्रे शुद्धीवर यायला फार वेळ घेतात.

तुझ्या मैत्रिणीच्या कॉली जातीच्या कुत्र्याबद्दलचा निरोप तिला आजच दे. गोचीड झाले म्हणून गाईगुरांच्या बाटलीतलं आयव्हरमेक्टिन टोचून घेऊ नको म्हणावं. बऱ्याच कॉलींच्या एका जनुकात बिघाड असतो. मेंदूत शिरणारं औषध बाहेर ढकलण्याची सोयच त्यांच्यात नसते. मग कुत्रा झोकांड्या खातो, आंधळ्यासारखा वागतो, कधी बेशुद्ध पडतो.

आता कूलरचं. "कूलर चालू आहे तरी धापा टाकून राहिला," असं तू लिहिलंस. खिडकी बंद आहे ना? कुत्रा जिभेवरची ओल उडवून थंड होतो. बंद खोलीत कूलरनं हवा दमट झाली की ती ओल उडत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश झालं होतं, तेव्हा असे कितीतरी कुत्रे बघितले, पग तर सर्वांत जास्त. समोरची खिडकी उघड. अंगावर साधं पाणी टाकून पंखा लाव, ओला टॉवेल पांघरून ठेवू नको.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत त्याला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आण, मीही येतो. आधीच्या मालकाला फोन करून विचार, कुत्रा बरा असतानाचा एखादा जुना रक्ताचा रिपोर्ट आहे का. असला तर आधी तोच मला पाठव.

तुझा,
डॉक्टर काका