जीपला घरच्या घरी विंच बसवताना

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर आमची फोर बाय फोर जीप वरचेवर रुतते. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेवरचे यंत्र) आणून ती घरीच पुढच्या बंपरला नट-बोल्टने बसवली तर चालेल का?

उत्तर : बंपरला मुळीच बसवू नये. रुतलेली गाडी ओढताना येणारा सगळा ताण चेसिसवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर गेला पाहिजे; पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा बंपर तो सोसू शकत नाही आणि तुटला तर दोरासकट उडून माणसाचा जीव घेऊ शकतो. आपल्या मॉडेलसाठीच बनवलेली माउंटिंग प्लेट चेसिसच्या दोन्ही बाजूंना, विंचसोबत आलेल्या उच्च ताकदीच्या बोल्टनीच आवळावी. रेडिएटरची हवा अडत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला प्लेट आड येत नाही, हेही पाहावे.

विंचची ओढण्याची क्षमता सामानासह भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट हवी. गाडी 2,400 किलोची असेल तर किमान 3,600 किलो क्षमता लागते, म्हणून बाजारातील 9,500 पौंडांची, सुमारे 4,300 किलोची विंच योग्य ठरेल. मात्र हा आकडा ड्रमवरील (दोर गुंडाळण्याच्या रिळावरील) दोराच्या पहिल्या थरापुरताच खरा असतो आणि वरच्या प्रत्येक थरागणिक ओढ घटते, म्हणून दोर बराचसा सोडूनच ओढावे. पोलादी दोराचे किमान पाच वेढे मात्र ड्रमवर राहू द्यावेत.

पूर्ण भाराला 12 व्होल्टची विंच 400 अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. त्यामुळे तिच्या जाड केबल थेट बॅटरीलाच जोडाव्यात, मध्ये आयसोलेटर स्विच (बॅटरीचा प्रवाह तोडणारा स्विच) द्यावा आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे. बंपर बदलून लोखंडी गार्ड लावण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 अशा फेरफारावर बंधने घालते. आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दोर केळीच्या खोडाला कधीही बांधू नये. ते खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी असते, त्यात लाकूड नसतेच. बांधावरचा जुना कडुनिंब निवडावा, त्याला रुंद पट्टा बुंध्याशी अगदी खाली गुंडाळावा, ताणलेल्या दोरावर ओले गोणपाट टाकावे आणि बघायला जमलेल्या मुलांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे.