कारलं आवडत नसताना कारल्याची भाजी करायची तर

अगं, सगळ्यात आधी एक सांगते, कडूपणा पार घालवायच्या मागे लागू नकोस. ज्याला कारलं आवडतं, त्याला ते कडूच हवं असतं. मीही लग्नानंतर सुरुवातीला काप तासभर मिठात ठेवून करकचून पिळायची, वर मूठभर गूळ. सासरे मुकाट्याने जेवायचे. एक दिवस हळूच म्हणाले, "सूनबाई, कारलं कुठाय यात?" फार वाईट वाटलं मला.

कारली कोवळी, हिरवीगार घे. पिवळट झालेली नकोत, त्यांच्या बिया निबर असतात. पातळ चकत्या करून मीठ चोळ आणि १५ मिनिटांनी हलक्या हाताने पिळ, बस. हे मीठ भाजीत उतरतंच, म्हणून नंतर मीठ बेतानेच घाल.

तेलात मात्र हात आखडू नकोस. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून चकत्या घाल आणि झाकण न ठेवता मंद आचेवर परत. झाकलंस की वाफेने मऊ पडतात. कडा तपकिरी होऊन उलथन्याला खडखड लागलं की तिखट, दाण्याचं कूट, सुपारीएवढा गूळ.

चव बघवत नसेल तर बघू नकोस. ज्यांच्यासाठी करतेस, चमचाभर भाजी त्यांच्याच हातावर ठेव आणि विचार. माझे सासरे पुढे रोज ओट्याशी येऊन उभे राहायचे. आणि तुझ्यासाठी बटाट्याच्या काचऱ्या वेगळ्या कर, जबरदस्तीने कारलं खायची काही गरज नाही.