खेळ सोडवत नाही आणि शिकवणं जमत नाही

प्रिय मैत्रिणी,

तू 33 वर्षांची, खेळाडू कोट्यातून लागलेली, अजूनही ऑफिसच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे डाव रचणारी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नागपुरातल्या एका कॉलेजने मुलींच्या संघासाठी प्रशिक्षक म्हणून बोलावलंय. महिनाभर संध्याकाळी जाऊन आलीस आणि लिहितेस, ‘मला दिसणारा पास त्यांना दिसतच नाही. मी ओरडते. परवा एक मुलगी रडली. हे मला जमणार नाही, आणि खेळही सुटणार.’

खेळ लगेच सुटायलाच हवा, हे तुला कोणी सांगितलं? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची डॉन स्टेलीही पॉइंट गार्ड, उंची जेमतेम साडेपाच फूट. टेम्पल विद्यापीठाने प्रशिक्षक होण्याबद्दल विचारलं तेव्हा आधी तिने नकारच दिला होता. 2000 साली होकार दिला, पण खेळणं चालू ठेवून. तिकडे कॉलेजचा हंगाम हिवाळ्यात आणि डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगचा, उन्हाळ्यात, म्हणून ते साधलं. 2006पर्यंत ती दोन्ही करत होती. प्रशिक्षक झाल्यावर खेळाडू म्हणून तिने सिडनी आणि अथेन्सची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली! तुझा गुडघा किती साथ देईल ते डॉक्टर सांगतील, माझं ऐकू नकोस.

आता ओरडण्याबद्दल. तुला तो पास दिसतो, कारण वीस वर्षं तू तेच पाहत आलीस. त्या पोरींना तो डाव पळत नाही, चालत करायला लाव. मधेच शिट्टी मार, जिच्या हातात चेंडू आहे तिला विचार, ‘आता मोकळं कोण?’ उत्तर चुकलं तरी तू बोट दाखवू नकोस. तिला मान वळवून शोधू दे. आणि रडलेल्या मुलीची माफी सगळ्यांसमोर माग, कारण ओरडलीस तीही सगळ्यांसमोरच.

मोठा खेळाडू आपोआप मोठा प्रशिक्षक होत नाही, गं. पॅट्रिक युइंग एनबीएचा, म्हणजे तिकडच्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगचा, केवढा दिग्गज! निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं सहायक म्हणून राबला आणि 2017मध्ये स्वतःच्याच जुन्या विद्यापीठाचा, जॉर्जटाउनचा, प्रशिक्षक झाला. 2021मध्ये बिग ईस्ट या विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा जिंकली, पुढच्याच हंगामात त्या गटातले सगळे 19 सामने हरला. 2023मध्ये त्याला जावं लागलं. स्टेली पुढे साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेली, तिचाही तिथला पहिला हंगाम 10 विजय, 18 पराभव असा गेला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यायला 2017 उजाडलं. 2024मध्ये मात्र 38पैकी 38 सामने जिंकले. आणि तू एका महिन्यात निकाल लावतेस?

नोकरीचा राजीनामा मुळीच देऊ नकोस. कॉलेजला सांग, एक हंगाम मानधनावर, फक्त संध्याकाळी येईन. पतियाळाच्या क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, त्यासाठी रजा साठवायला लाग. कॉलेजच्या कामाला ऑफिसची परवानगी लेखीच घे. तोंडी होकारावर राहू नकोस, साहेबांची बदली झाली की तो कोणालाच आठवत नाही.

तुझी,
ताई