मागच्या सीटवर आईला बसवायचंय, काय करू?

मागच्या अंकात ट्राइकबद्दल लिहिलं होतं. तीन चाकांची उघडी गाडी, डोक्यावर कापडी पंख, पाठीशी इंजिन, पुढं ना काच ना दार, अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलक्या विमानांमधला सगळ्यात मोकळाढाकळा प्रकार. मला वाटलेलं लोक किंमत विचारतील, ॲव्हरेज विचारतील. तशीही पत्रं आली, नाही असं नाही, पण जास्त पत्रं आली ती दुसऱ्याला घेऊन उडण्याबद्दल किंवा दुसऱ्याच्या मागं बसण्याबद्दल. म्हणून यावेळी तेवढंच घेतो.

सर, मी बाहेरच्या राज्यात शिकून मागच्या वर्षी लायसन्स काढलं. आता आईला एकदा वर न्यायचंय. वय ६६, बीपीची गोळी चालू आहे, पण स्वभावानं खमकी आहे. धाकटा भाऊ म्हणतो, न सांगता एक-दोन कडक टर्न मार, आईला मजा येईल. काय करू? (एक वाचक, विटा)

भावाचं ऐकू नका. ६० अंश तिरकं वळण मारलं की माणसाचं वजन अंगाला दुप्पट लागतं. तुम्हाला ते भारी वाटतं कारण गाडी वळवायची दांडी तुमच्या हातात असते आणि पुढं काय होणारय ते तुम्हाला आधीच माहीत असतं, मागं बसलेल्या आईला त्यातलं काहीच माहीत नसतं, तिला एवढंच कळतं की आपण सीटमध्ये दाबले जातोय आणि जमीन खाली असायची ती बाजूला आलीय. पायलटची मजा वेगळी आणि पॅसेंजरची वेगळी, आणि नवीन लायसन्सवाल्यांना हेच लवकर कळत नाही. त्यांना वाटतं आपल्याला जे आवडतं तेच दाखवलं की झालं. आईला न्यायचं तर ते उड्डाण आईचं, तुम्ही फक्त ड्रायव्हर.

आधी बीपीचं डॉक्टरांना विचारा, आणि आईसमोरच विचारा, म्हणजे घरात नंतर वाद नको. मग वेळ. उजाडल्यावर लगेच, ऊन तापायच्या आत. आपल्याकडं नऊ वाजून गेले की नांगरलेली काळी रानं तापतात, शेजारचा भिजवलेला ऊस गार असतो, आणि एकावरून दुसऱ्यावर गेलं की गाडीला धक्का बसतो. तुम्हाला त्याचं काही नाही, आईला मात्र काहीतरी तुटलं असंच वाटणार.

वर गेल्यावर वळणं १५-२० अंशातच ठेवा आणि प्रत्येक वळणाआधी हेडसेटवर सांगा, ‘आई, आता डावीकडं वळतोय.’ सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतरायला लागताना थ्रॉटल कमी करायच्या आधी सांगा. इतका वेळ पाठीमागं घोंघावणारं इंजिन एकदम मंद झालं की मागच्या माणसाला ते बंद पडलं असंच वाटतं, मी चांगले धीराचे गडी त्या क्षणाला पांढरेफटक पडलेले बघितलेत. ‘आता आवाज कमी होईल, मी केलाय’ एवढं एक वाक्य पुरतं.

आणि ‘बरी आहेस का?’ असं विचारू नका. आपल्या आया काहीही झालं तरी ‘बरी आहे’च म्हणणार. ट्राइकमध्ये ती तुमच्या पाठीमागं असते, चेहरा दिसत नाही, त्यामुळं असं काहीतरी विचारा की तिला बघून उत्तर द्यावं लागेल. ‘डावीकडं कुठलं देऊळ आलं गं?’, ‘त्या विहिरीला पाणी आहे का?’ उत्तरं लांबलचक येत असली, मध्येच ती स्वतःहून कुणाच्या रानात काय पेरलंय ते सांगायला लागली, तर सगळं ठीक. उत्तरं ‘हं’वर आली, जांभया ऐकू यायला लागल्या, की मळमळ सुरू झाली समजा आणि मुकाट्यानं उतरा. खांद्यावर दोन थापा म्हणजे ‘खाली चल’, हे जमिनीवरच ठरवून घ्या, हेडसेट कधीकधी दगा देतो. आणि तिनं थापा मारल्या तर ‘अजून पाचच मिनिटं’ नाही म्हणायचं, रुसवेफुगवे घरी गेल्यावर.

पंधरा मिनिटं बास होतात. दाखवायचं काय, तर ओळखीचं. लोकांना वाटतं डोंगरदऱ्या दाखवाव्यात, पण माणूस वर गेलं की आधी आपलं घर शोधतं, मग आपलं रान, मग माहेरची वाट. कराडच्या बाजूला उडत असाल तर प्रीतिसंगम दाखवा. घाटावर उभं राहून कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात हे नुसतं ऐकलेलं असतं, वरून ते सरळ दिसतं, दोन्ही नद्या एका रेषेत येऊन भिडतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. अर्थात परवानगीच्या हद्दीत राहूनच हे सगळं.

काका, मला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी गरगरतं. मैत्रिणी पाचगणीला पॅराग्लायडिंग करून आल्या, मी गाडीत बसून राहिले. उघड्या विमानात माझ्यासारखीला जमेल का, आणि नक्की वाटतं कसं? (कॉलेजची वाचक, कराड)

अगं, जमण्याची शक्यता तुला वाटतेय त्यापेक्षा बरीच जास्त आहे. गॅलरीत गरगरतं कारण भिंत पायापासून थेट खाली जमिनीपर्यंत गेलेली दिसते, डोळा तीच धरून उंची मोजत बसतो. विमानात तसा खाली जाणारा धागाच नसतो, त्यामुळं गॅलरीला घाबरणारे बरेच जण तीनशे मीटरवर निवांत बसलेले असतात. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, म्हणून पहिल्यांदा पायलटला हे सांगूनच बस, लाजायचं काय त्यात. नजर लांब क्षितिजावर ठेव, सरळ पायाखाली बघायचं नंतर. पोट रिकामंही नको न् तुडुंबही नको, थोडे पोहे चालतील, मिसळ उतरल्यावर.

वाटतं कसं म्हणशील, तर बसणं बुलेटवर मागं बसल्यासारखं, गुडघे पायलटच्या दोन्ही बाजूंना आणि सीट त्याच्यापेक्षा जरा उंच, म्हणून त्याच्या डोक्यावरून समोरचं सगळं दिसतं. हात सीटवर किंवा बाजूच्या पाइपवर, पायलटच्या कोपराला धरायचं नाही, तो हातांनीच गाडी वळवत असतो. त्यानं दांडी छातीकडं ओढली की नाक खाली जातं आणि वेग वाढतो, पुढं ढकलली की उलटं. हे माहीत असलं की निम्मी भीती जाते, कारण तो काय करतोय ते तुला मागून दिसतं.

पण खरी गंमत नाकाला आहे आणि ही कुणी सांगत नाही. बंद विमानात बसलेल्याला वास येत नाहीत. डिसेंबरात पहाटे उडालात की खाली खोऱ्यात गार हवा साठून राहिलेली असते, पाचटाचा नाहीतर चुलीचा धूर त्यातच सपाट पसरलेला असतो, गाडी शे-दोनशे मीटर वर चढते आणि गालाला एकदम ऊब लागते. वर जाताना गार व्हायला पाहिजे ना, तर उलटं होतं, कारण रात्रभर गारठून जड झालेली हवा तळाला बसलेली असते. गुऱ्हाळ चालू असेल तर काकवीचा वास आधी येतो आणि धुराडं नंतर सापडतं. साखर कारखान्याच्या मळीचा वासही येतो, तो मात्र नको वाटतो.

आमच्याकडं सगळीकडं द्राक्षबागा. वर असताना इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठं? बायको हाच प्रश्न विचारून मला बसू देत नाही. (एक बागायतदार, तासगाव)

वहिनींचा प्रश्न बरोबर आहे. इंजिन बंद पडलं म्हणजे दगडासारखं खाली येत नाही, पंख आहे तसाच असतो, ट्राइक घसरत घसरत येते. तीनशे मीटर उंची असेल तर वारा नसताना साधारण दीड-दोन किलोमीटरचा टप्पा मिळतो, म्हणून शहाणा पायलट उडताना सारखं ‘आत्ता बंद पडलं तर कुठं’ हे बघत असतो आणि त्याच्या टप्प्यात मोकळं रान नसेल तिथून जातच नाही. तुमची बाग तर सगळ्यात वाईट जागा, लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं. उभा ऊसही फसवा, वरून मऊ हिरवा दिसतो, पण तो पुरुषभर उंच असतो, त्यात चाकं गेली की गाडी उलटते. ऊस तुटून गेलेलं रान, पड माळ, गवताळ माळ हे चांगलं. नांगरट मऊ असते पण सऱ्यांना आडवं उतरू नये. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे आणि तार मधे आहे असं धरून चालायचं.

तुम्ही बसायच्या आधी पायलटला जमिनीवर विचारा, ‘आत्ता उडाल्यावर लगेच बंद पडलं तर कुठं उतरणार?’ त्यानं बोट करून जागा दाखवली तर बसा. तो हसला आणि ‘काही होत नाही हो’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

एप्रिलात पुण्याचे पाहुणे येतायत. जेवणं झाली की मेव्हण्यांना एक चक्कर मारून आणावी म्हणतो, वजन ९५ च्या आसपास. चालेल ना? (पायलट वाचक, सातारा)

जेवणानंतर नाही. आणि फक्त पोट भरलेलं म्हणून नाही. कराडची धावपट्टी, जी कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली, ती समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. तापमान ३५ अंश असलं की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख दोघांनाही आपण १४०० मीटरवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे तुम्ही उभे कराडात पण उडताय महाबळेश्वरच्या उंचीवरून, वर सोबत ९५ किलोचे मेव्हणे. एकट्यानं उडताना गाडी जिथं जमीन सोडते तिथं ती दोघांना घेऊन अजून धावतच असते, आणि सुटल्यावर चढते पण रडतखडत. मशीनच्या कागदात कमाल वजन लिहिलेलं असतं, तुम्ही अधिक मेव्हणे अधिक पेट्रोल अशी बेरीज करा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आत-बाहेर धरा, टाकी थोडी कमी भरली तरी तेवढाच हात मिळतो.

शिवाय दुपारी डोंगराकडून येणारा पश्चिमेचा वारा. चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या. तो वारा डोंगर ओलांडून अलीकडं उतरताना आडोशाला गुंडाळ्या खातो आणि त्यात हलकी गाडी नको तशी आपटते. मेव्हण्यांना मुक्कामाला ठेवा, सकाळी सहाला उठवा. उठले नाहीत तर प्रश्नच मिटला.

अमेरिकेत म्हणे लायसन्सशिवाय अल्ट्रालाइट उडवतात. मग आपल्याकडंच एवढी कटकट का? (एक वाचक, सांगली)

उडवतात, खरंय. तिथं १९८२ पासूनचा पार्ट १०३ नावाचा नियम आहे, रिकामं वजन साधारण ११५ किलोच्या आत, पेट्रोल १९ लिटर, वेग ताशी १०२ किलोमीटरपर्यंत, हे पाळलं तर लायसन्स लागत नाही. पण सीट एकच. स्वतःचा जीव धोक्यात घालायची मोकळीक आहे, दुसऱ्याचा नाही. मागं माणूस बसवायचा म्हटलं की तिथंही लायसन्स आलं आणि वेगळं मशीन आलं. आपल्याकडं डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं लायसन्स, मशीनची नोंदणी, उडायच्या जागेची परवानगी हे सगळं लागतं, त्यात वेळ जातो हे मलाही मान्य आहे, वैताग येतोच. पण मागच्या माणसाच्या बाजूनं विचार केला तर मला त्यात चूक दिसत नाही.

काय घालून यायचं? आणि मोबाइलवर रील काढता येईल का? (दोघी मैत्रिणी, मिरज)

पूर्ण बाह्यांचं जाकीट, फुल पँट, लेसचे घट्ट बूट, लेसची टोकं आत खोचलेली. १० अंशाची हवा ताशी ८० च्या वेगानं लागली की अंगाला चार-पाच अंशाची वाटते, हातमोजे विसरू नका. ओढणी नाही, स्कार्फ नाही, टोपी नाही, केस बांधून हेल्मेटच्या आत.

मोबाइलचं म्हणाल तर नाही. पंखा तुमच्या पाठीमागं फिरतोय, हातातून सुटलेली कुठलीही वस्तू मागंच जाते, आणि फोन पंख्यात गेला तर पंखा तुटतो. साधी चिल्लरसुद्धा खिशात ठेवायची नाही, चेन असलेला खिसा असेल तर तो लावायचा. रील हवीच असेल तर पायलटला विचारून कॅमेरा गाडीला पक्का बांधून घ्या, शिवाय सुटला तर अडकावा म्हणून एक दोरी. उतरल्यावर पंखा पूर्ण थांबेपर्यंत सीटवरून हलायचं नाही आणि मागच्या बाजूनं तर चालायचंच नाही, पायलट ‘उतरा’ म्हणेल तेव्हाच.

माझा मुलगा ९ वर्षांचा, विमानाचं वेड आहे. त्याला बसवू का? (एक पालक, सांगली)

थांबा जरा. हेल्मेट डोक्यात डुगडुगतं, पट्टे खांद्यावरून घसरतात, आणि घाबरला तर तो थापा मारायची खूण विसरून पायलटलाच मिठी मारेल. मोठा झाला, पट्टे नीट बसायला लागले की बघू. पुढं एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेला तर कॅडेट म्हणूनही मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अशाच हलक्या विमानात बसायची संधी असते, तोवर पतंग आणि बाल्साच्या हलक्या लाकडाची खेळण्यातली विमानं.

मित्रांना फिरवून आणलं तर पेट्रोलचे पैसे घ्यावेत का? (पायलट वाचक, नाव नको)

खासगी लायसन्सवर भाडं घेऊन पॅसेंजर नेता येत नाही. आणि एकदा पैसे घेतले की समोरचा म्हणतो, ‘अर्धाच तास झाला की’, मग वारा वाढलेला असताना उतरायचं सोडून तुम्ही घड्याळ बघत बसता. घेऊ नका.