आकडा तोच, मग नवा टॅब्लेट घ्यायचा कशाला?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ साली घेतलेला आयपॅड मिनी २ आहे. रोज रात्री तासभर त्यावर पीडीएफ वाचते. हल्ली नवी अ‍ॅप त्यावर चढत नाहीत, म्हणून नव्या मिनीची माहिती काढली. पाहते तर पडद्याचा आकडा तोच, इंचाला ३२६ पिक्सेल! इतक्या वर्षांत पडदा सुधारलाच नाही का? आताचा घेऊ की पुढचा येईपर्यंत थांबू?

उत्तर : आकडा तुम्ही बरोबर काढलात. २०१३ च्या मिनी २ पासून २०२४ च्या मिनीपर्यंत तो ३२६ वरच आहे. पण तो वाढला नाही याची मला खंत नाही. खरी उडी त्याच्या आधी पडली होती, आणि ती मी एका चुकीतून शिकलो.

२०१२ चा पहिला मिनी मी वापरत होतो. इंचाला १६३ पिक्सेल. हातात धरायला सोयीचा, म्हणून एका स्मरणिकेची मुद्रितं त्यावरच तपासली. एका मथळ्याखाली बारीक टायपात ‘उद्घाटन’च्या जागी ‘उद्धाटन’ पडलं होतं. द च्या पोटात घ आहे की ध, हे कळतं ते ध च्या डोक्यावरच्या इवल्याशा गाठीवरून. त्या पडद्यावर तिथे नुसता करडा ठिपका होता. स्मरणिका तशीच छापून आली. पुढे मिनी २ वर तेच पान, तेवढ्याच आकारात उघडलं आणि गाठ लख्ख दिसली. फार चुटपुट लागली.

याचं गणित सरळ आहे. १६३ च्या पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.१६ मिलिमीटरचा, ३२६ वर त्याच्या निम्मा. पस्तीसेक सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखू येतो. म्हणजे पिक्सेल डोळ्याच्या मर्यादेखाली गेला. वाचनासाठी आकडा आणखी वाढवून हाती फारसं लागत नाही.

सुधारणा झाली ती आकड्यात न दिसणाऱ्या जागी. तुमच्या मिनी २ मध्ये वरची काच आणि खालचा पडदा यांच्यात हवेची फट आहे. दिव्याखाली बसलात की त्या फटीतल्या पृष्ठभागांवरूनही उजेड परततो आणि काळी अक्षरं राखाडी होतात. २०१५ च्या मिनी ४ मध्ये काच पडद्याला चिकटवली आणि चकाकी कमी करणारा लेपही दिला. अक्षर कागदावर छापल्यासारखं वर आलं. माझ्या मते मिनीच्या पडद्यातली ही दुसरी आणि शेवटची मोठी सुधारणा. २०१९ च्या पाचव्या पिढीत रंग अधिक भरले, खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढरा रंग बदलायची सोय आली. २०२१ मध्ये पडदा ७.९ वरून ८.३ इंचांचा झाला. २०२४ च्या मिनीने तोच पडदा ठेवला, बदल मुख्यतः आतल्या चिपमध्ये.

वर्षं पाहा : २०१५, २०१९, २०२१, २०२४. यात ठरलेली लय नाही. आणि नवं मॉडेल म्हणजे नवा पडदा असंही नाही. २०१४ च्या मिनी ३ ला तर मिनी २ चाच पडदा होता, भर पडली ती बोटाच्या ठशाने यंत्र उघडण्याच्या सोयीची. त्यामुळे ‘पुढचा’ येईपर्यंत थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. तुमचं यंत्र आयओएस १२ वर, म्हणजे २०१८ च्या प्रणालीवर थांबलं आहे. अ‍ॅप न चढण्याचं कारण तेच. बदलायची वेळ झाली आहे. वापरलेला चालणार असेल तर पाचवी पिढीही वाचायला उत्तम आहे, तिला २०२५ ची आयपॅडओएस २६ (आयपॅडवरच्या आयओएसचं नवं नाव) मिळाली. चौथीच्या मात्र वाटेला जाऊ नका, ती आयपॅडओएस १५ वर अडली. जुना मिनी २ टाकू नका, आधी उतरवून ठेवलेल्या पीडीएफ तो अजून वाचून दाखवेल.

२०२१ च्या पडद्याबद्दल एक सांगायलाच हवं. पडद्यावरचं चित्र एका कडेकडून दुसरीकडे रेघेरेघेने बदलत जातं. मिनी उभा धरून मजकूर सरकवला की एक बाजू क्षणभर मागे पडते आणि ओळ तिरपी झाल्यासारखी वाटते. देवनागरीत हे लवकर खुपतं, कारण आपल्याला सरळ शिरोरेषेची सवय. काहींना ते जाणवतच नाही, मला जाणवतं.

म्हणून दुकानात जाताना रोजच्या वाचनातली एक मराठी पीडीएफ सोबत न्या. मिनी उभा धरा, पान मोठं करू नका, सावकाश वर सरकवा आणि शिरोरेषेवर नजर ठेवा. मग थांबून एखादा ‘द्ध’ शोधा आणि दिव्याखाली त्याची गाठ दिसते का पाहा.