काडतुसांचं छोटं युनिट: मशीन राहू दे, आधी प्रायमर आणि रोकड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत ९ एमएमची काडतुसं धो-धो खपतात, टाइप ०६ च्या (काडतुसं बनवायच्या) फेडरल परवान्याची फी तीन वर्षांना फक्त ३० डॉलर आहे, मग एक लोडिंग मशीन घेऊन छोटं युनिट का टाकू नये? अशा युनिटांचे हिशेब बरीच वर्षं माझ्या टेबलावर येतात, म्हणून पैशाच्या बाजूनेच लिहितो.

३० डॉलरचा आकडा खरा आहे, पण धंद्याच्या एकूण खर्चात तो चहापाण्यातही धरू नका. मशीनचंही फार मनावर घेऊ नका. व्यावसायिक लोडिंग मशीन तासाला चार हजारांच्या आसपास राउंड, म्हणजे तयार काडतुसं, काढतं. म्हणजे उत्पादन ही अडचण नाहीच. अडचण आहे ती त्या मशीनला खायला काय घालायचं ही.

छोटं युनिट स्वतः फारसं काही बनवत नाही. पितळी केस (काडतुसाची नळी), प्रायमर (आघाताने पेटून दारूला ठिणगी देणारी बुडाची टोपी), पावडर (दारू) आणि गोळी विकत घेऊन जोडतं. केस आणि गोळ्यांचे स्वतंत्र पुरवठादार तरी मिळतात. मिसूरीतली स्टारलाइन केससाठी सगळ्यांना माहीत आहे. प्रायमरचं तसं नाही. सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर ही तिथली जुनी चार नावं. त्यातली पहिली तीन २०२४ च्या व्यवहारानंतर चेकोस्लोव्हाक ग्रुप या झेक कंपनीकडे आहेत आणि विंचेस्टर ऑलिनची. हे सगळे स्वतःही काडतुसं विकतात. म्हणजे तुमचा पुरवठादारच तुमचा स्पर्धक. टंचाई आली की तो आधी स्वतःच्या लाइनी चालवणार, उरलं तर तुम्हाला. २०२०-२१ मध्ये नेमकं हेच झालं. मागणी आभाळाला टेकली होती आणि छोट्यांची मशीनं प्रायमरवाचून झाकून ठेवलेली. ‘मग प्रायमर स्वतःच बनवू’ असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आत्ताच सांगतो: तो स्फोटकांचा कारखाना आहे. त्याचं भांडवल, विमा आणि जागेचे नियम या चर्चेच्या पार बाहेरचे.

आता कर. हा भाग नवे लोक हमखास विसरतात. काडतुसांवर उत्पादकाला ११ टक्के फेडरल अबकारी कर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. समजा तुम्ही डीलरला हजार राउंड करासकट २०० डॉलरला दिले. त्यातले १९.८२ डॉलर तुमचे नाहीतच. साध्या ९ एमएमच्या मालात उत्पादकाला हजारामागे एवढा निव्वळ नफा सुटला तरी मी त्याला हुशार म्हणेन.

रकमेपेक्षा वेळ जास्त छळते. तिमाहीचा कर २,००० डॉलरच्या वर गेला की तो महिन्यातून दोनदा भरावा लागतो. वरच्या भावाने ही मर्यादा लाखभर राउंडला ओलांडते, म्हणजे मशीनचं पंचवीसेक तासांचं काम. तिकडे डीलर पैसे देणार तीस किंवा साठ दिवसांनी. प्रायमरवाल्याला मात्र बऱ्याचदा आगाऊ मोजावे लागतात, निदान नव्या गिऱ्हाइकाला तरी. या तिन्ही तारखांमधली दरी भरून काढायला लागतं ते खेळतं भांडवल. कागदावर नफ्यात असलेली युनिटं इथेच अडकतात.

तेजी-मंदीचं चक्रही लक्षात घ्या. इथली मागणी निवडणुका आणि कायद्याच्या भीतीवर हलते. २०१६ च्या निवडणुकीनंतर भीती ओसरली आणि बाजार बसला. रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. तेजीतला भाव धरून कर्ज काढायचं आणि हप्ते मंदीत फेडायचे, हे गणित कोणाचंच जुळत नाही.

वाहतुकीचा खर्च आहेच: अमेरिकेचं टपालखातं काडतुसं नेत नाही, खासगी कुरिअरच्या अटी पाळाव्या लागतात. विम्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. सामी (SAAMI) या अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेची मानकं सक्तीची नाहीत. ९ एमएमसाठी कमाल दाब ३५,००० पीएसआय वगैरे आकडे उद्योगाने स्वतः ठरवलेले आहेत. पण दाब मोजायची सोय आणि लॉटवार नोंदी नसतील तर उत्पादन-दायित्वाचा विमा कोण देणार? एका लॉटमध्ये पावडर कमी-जास्त पडली, तर तो लॉट ओळखून परत मागवता येणं हाच कंपनी वाचण्याचा मार्ग. म्हणून टेस्ट बॅरल (दाब मोजायची चाचणीची नळी) आणि रजिस्टर यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

मग छोट्याने करायचं तरी काय? ९ एमएमच्या भावयुद्धात उतरू नये. जिथे गिऱ्हाईक राउंडमागच्या सेंटांची तुलना करत नाही तिथे जावं: मोठ्या कंपन्या अधूनमधूनच काढतात अशी जुनी शिकारी कॅलिबर्स, अचूक नेमबाजीचा माल, पोलीस प्रशिक्षणासाठी फुटून चुरा होणाऱ्या गोळ्या. साउथ डकोटातली ब्लॅक हिल्स बघा. बाहेरून आणलेली सिएराची ७७ ग्रेनची गोळी वापरून तिने अमेरिकी लष्कराला एमके २६२ हे अचूक नेमबाजीचं काडतूस पुरवलं. किंमत मिळाली ती सातत्याची. अर्थात असा माल कमी खपतो आणि नाव व्हायला वर्षं लागतात, तोवर भाडं चालूच असतं.

त्यामुळे मशीनचं कोटेशन नंतर मागवा. आधी प्रायमरचा वार्षिक कोटा कोणी लेखी देतंय का ते बघा, आणि विमा एजंटकडून प्रीमियमचा आकडा घ्या. दोन्ही हातात आले की कॅलिबर आणि महिन्याचे अंदाजे राउंड इथे टाका, रोकडीचा तक्ता मांडून देतो.